नैवेद्य आणि ताट

पुस्तक वाचून झाल्यावर भांडणारी माणसे मला मनापासून आवडतात. पुस्तक आवडले की ‘छान आहे’ म्हणायचे आणि नाही आवडले की ‘बरे आहे’ म्हणायचे, या सभ्यपणाने वाङ्मयाचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे वाळवीनेही केले नसेल. आमच्या नेरला हा सभ्यपणा फारसा पोचलेला नाही, हे आमचे भाग्य! यवतमाळहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या भावाबरोबर इथल्या माणसांचे चेहरे खुलतात नि उतरतात. तरीही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहा-बारा माणसे एकत्र बसतो आणि एखाद्या पुस्तकावर दोन तास कडाकडा बोलतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत ही संख्या पाचावर येते. आवाज मात्र तेवढाच राहतो.

यंदा आम्ही घेतलेले पुस्तक इंग्रजी होते. क्रिस्टिन हॅना या अमेरिकन लेखिकेची ‘द विमेन’ ही २०२४ साली निघालेली कादंबरी. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि इंग्रजी त्याच्याही थोडे अलीकडचे. इतरांची स्थिती फार वेगळी नव्हती. पण आमच्यातल्या एक बाई कॉलेजात इंग्रजी शिकवतात. त्यांनी तीन बैठकांत ही चारशेहून अधिक पानांची कादंबरी प्रकरणवार मराठीत सांगितली. पुराण ऐकावे तशी आम्ही ती ऐकली. आणि पुराणानंतर सहसा जे घडत नाही ते घडले. श्रोते भांडले.

कथानक थोडक्यात असे. फ्रँकी मॅग्रा ही कॅलिफोर्नियातल्या एका सुखवस्तू घरातली मुलगी. तिच्या वडिलांच्या खोलीत घराण्यातल्या पराक्रमी पुरुषांच्या तसबिरींची एक भिंत आहे. भाऊ व्हिएतनामच्या युद्धावर जातो. त्याच्यामागे आपणही जावे म्हणून ही सैन्यात परिचारिका होते, आणि तिने नाव नोंदवले न नोंदवले तोच भाऊ कामी आल्याची बातमी घरी येते. तरीही ती जाते. सारे काही ती तिथल्या चिखलात आणि रक्तात शिकते. एका विवाहित शल्यविशारदावर तिचे मन जडते. पुढे एका वैमानिकावर ती प्रेम करते आणि तो तिला फसवतो. दोन वर्षांनी मायदेशी परतते तर लोक तिला शिव्या घालतात. मुलगी परदेशी शिकायला गेली आहे, असे वडिलांनी चारचौघांत सांगून ठेवलेले असते. माजी सैनिकांच्या कचेरीत मदत मागायला जाते तर उत्तर मिळते की, व्हिएतनामात बायका नव्हत्याच! मग झोप जाते, दारू येते, गोळ्या येतात. अखेर १९८२ साली वॉशिंग्टनला मृत सैनिकांच्या नावांची भिंत उभी राहते, तिथे ही कथा संपते.

‘बायका नव्हत्याच’ हे उत्तर कादंबरीत वाचताना अतिशयोक्तीचे वाटते. पण त्याला आधार आहे. सुमारे ११,००० अमेरिकन स्त्रिया लष्करी सेवेत असताना व्हिएतनामात होत्या आणि त्यांतल्या दहापैकी नऊ परिचारिका होत्या. वॉशिंग्टनच्या त्या भिंतीवर ५८,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत. त्यांत आठ नावे स्त्रियांची आणि त्या आठही जणी परिचारिका. तिथून परतलेल्या स्त्रियांचे वेगळे स्मारक उभे राहायला मात्र ११ नोव्हेंबर १९९३ उजाडला. तेसुद्धा डायन कार्लसन इव्हान्स या एका माजी लष्करी परिचारिकेने कित्येक वर्षे पाठपुरावा केला म्हणून.

आता आमचे भांडण. पहिला आक्षेप निवृत्त मुख्याध्यापकांचा. सारे त्यांना गुरुजी म्हणतात. ते म्हणाले, “छावणीत माणसे तडफडून मरताहेत आणि ही बाई बायको असलेल्या डॉक्टराच्या प्रेमात पडते! सेवा म्हणजे तपश्चर्या. लेखिकेने तपश्चर्येत नाटक घुसवले आणि दोन्ही बिघडवली.”

दुसरा आक्षेप कृषी केंद्र चालवणाऱ्या एका तरुणाचा. “गुरुजी, प्रेमाचं सोडा. हे लोक तिथे गेलेच कशाला? खेडी जळाली ती तिथल्या शेतकऱ्यांची. आणि एवढी पानं आपण रडायचं कुणासाठी? तर जाळणाऱ्यांची मलमपट्टी करणाऱ्या बाईसाठी!”

तिसरा आक्षेप नित्य गीतापाठ करणाऱ्या एका काकूंचा. “मला पहिला अर्धा भाग आवडला हो. पण परत आल्यावर तिचं गाऱ्हाणं काही संपत नाही. मला कुणी विचारलं नाही, माझा मान ठेवला नाही. अगं, सेवा केलीस ना? मग फळाकडे कशाला बघायचं?”

या सर्व वेळात कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक सिस्टर बसल्या होत्या. रात्रपाळी करून, दोन तास झोप काढून त्या आल्या होत्या. वीस वर्षे त्या हेच काम करताहेत. मी त्यांना म्हटले, “सिस्टर, तुम्ही काही बोलला नाहीत.”

“मी काय बोलू, बाई?” त्या म्हणाल्या. “ते पोरगी पह्यल्या दिवशी घाबरली, ते खरं हाय. घरी आल्यावर तिले झोप येत नाही, तेही खरं हाय. प्रेमाचं तुमी पाहा.” सगळे हसले. हसणे थांबल्यावर त्या पुढे म्हणाल्या, “पन तिले देवी नका म्हणू. देवीचे पाय दुखत नाही. माह्ये दुखते.”

त्यानंतर बैठक चहावर गेली. पण माझ्या मनातून ते वाक्य गेले नाही. कारण तिन्ही आक्षेप वरवर निराळे दिसले तरी त्यांच्या बुडाशी मला एकच अपेक्षा दिसते. शुश्रूषा करणारी बाई ही माणसापेक्षा काहीतरी वेगळी असावी, ही ती अपेक्षा. गुरुजींना ती योगिनी हवी होती. तरुणाला ती न्यायाधीश हवी होती. काकूंना ती मान-अपमानाच्या पलीकडे गेलेली मुक्त आत्मा हवी होती. सिस्टरांनी तिला पाय दिले, आणि तेही दुखणारे.

गुरुजींचे म्हणणे आधी घेऊ. सेवेला आणि वैराग्याला एकाच मखरात बसवण्याची आपली जुनी सवय आहे. पण जरा विचार करून पाहावा. ज्याला भूकच लागत नाही त्याचा उपास कसला? एकादशीचे मोल भुकेमुळे असते. जिला प्रेमाची, झोपेची, हौसेची ओढ नाही तिने रात्रभर जखमा धुतल्या तर त्यात यंत्रापेक्षा अधिक ते काय? ओढ असूनही ती पहाटे चार वाजता पट्टी बदलायला उठते, यातच सगळा अर्थ आहे.

सावित्रीबाई फुल्यांचे शेवटचे दिवस आठवावेत. १८९७ साली पुण्याला प्लेगने घेरले. त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला रुग्णांसाठी दवाखाना उघडला आणि वयाची पासष्टी ओलांडलेल्या सावित्रीबाई आजारी माणसांना तिथे आणू लागल्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले. त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो तेव्हा एक गोष्ट विसरतो. प्लेगने त्यांना देवी म्हणून सोडले नाही. त्यांच्या पाठीलाही ओझे होत होते आणि त्यांच्या रक्तालाही विष चढत होते. हे त्यांना ठाऊक होते. तरी त्या गेल्या. त्यांना देवी केले की हे ‘तरी’ पुसले जाते, आणि त्यांचे सारे मोठेपण त्या ‘तरी’त आहे.

मखरात बसवण्याचा आणखी एक परिणाम होतो. मूर्तीचे म्हणणे कुणी ऐकत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव काढले की शाळेतल्या मुलालाही हातात दिवा घेतलेली बाई दिसते. १८५४ साली अडतीस परिचारिका घेऊन ती क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या इस्पितळात गेली, हे खरे. पण ही बाई आकड्यांची जबरदस्त जाणकार होती. सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि साथींनी अधिक मरतात, हे तिने तक्ते मांडून सरकारला दाखवले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला आपली पहिली स्त्री सभासद करून घेतले. हिंदुस्थानात पाऊल न टाकता इथल्या छावण्यांतले पाणी आणि गटारे यांसाठी ती वर्षानुवर्षे भांडत राहिली. लोकांनी दिवा तेवढा लक्षात ठेवला. गटारे मागणाऱ्या बाईपेक्षा दिवा धरणारी बाई पूजेला सोयीची असते.

आणि देवी करायचे नाही तेव्हा आपण प्रेयसी करतो. हे तर आपल्या मराठी मुलखाशी जवळचे उदाहरण आहे. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि आमच्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर काढलेला ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट आपल्या आईवडिलांच्या पिढीला पाठ होता. त्यातली जयश्रीबाईंनी केलेली चीनमधली पत्नीही लोकांच्या लक्षात राहिली. पण राहिली ती डॉक्टरची प्रिया म्हणून. खरी क्वो छिंगलान ही शिकलेली परिचारिका होती. युद्धाच्या टापूत ती इतरांना शुश्रूषा शिकवीत होती, आणि हे काम ती कोटणिसांशी लग्न होण्याआधीपासून करीत होती. नवरा गेला तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता. तो मुलगाही वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ साली गेला. त्यानंतरही ही बाई जगली, अनेकदा भारतात आली आणि २०१२ साली वारली. नवऱ्यानंतरची सत्तर वर्षे! या सत्तर वर्षांची अमर कहाणी आपण कुणी पाहिलेली नाही.

म्हणून फ्रँकीच्या प्रेमप्रकरणांवर माझा नैतिक आक्षेप नाही. वाङ्मयीन आक्षेप मात्र आहे. मेला असे समजलेला माणूस परत येतो, आणि असे एकदा नव्हे, दोनदा घडते. मीही कादंबऱ्या लिहिते. असा योगायोग किती स्वस्तात मिळतो ते मला ठाऊक आहे.

तरुणाचा प्रश्न मला तिन्हींत अवघड वाटतो. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय या खेड्यात अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र माणसे, बायका आणि मुले मारली. ज्या सैन्याने हे केले त्याच सैन्याच्या इस्पितळात फ्रँकी काम करते. तिने बरा केलेला शिपाई उद्या पुन्हा बंदूक उचलणार. मग तिचा हात त्या बंदुकीपासून किती लांब?

इथे मला शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामचा म्हातारा आठवतो. म्हातारपणाचा नव्हे, तरुणपणाचा. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेत झुलूंनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला तेव्हा गांधीजी वीसेक हिंदी स्वयंसेवकांची तुकडी घेऊन इंग्रजांच्या बाजूने गेले. साम्राज्य जगाच्या कल्याणासाठी आहे अशी त्या वेळी त्यांची समजूत होती. तिथे त्यांच्या वाट्याला आले ते झुलू जखमीच. कित्येकांना संशयावरून फटके मारलेले होते, जखमा चिघळल्या होत्या, आणि त्यांची शुश्रूषा करायला गोरे लोक राजी नव्हते. गांधीजींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या जखमा धुतल्या. बाजू चुकीची होती. जखम खरी होती. मला वाटते, हात जखमेवर ठेवल्याशिवाय बाजूचा खोटेपणा त्यांनाही इतका स्पष्ट दिसला नसता.

व्हिएतनामच्या दुसऱ्या बाजूलाही असाच एक हात होता. डांग थुई चाम ही हनोईची तरुण डॉक्टर दक्षिणेतल्या जंगलात गनिमांचे दवाखाने चालवीत होती. जून १९७० मध्ये अमेरिकनांच्या गोळीने ती सत्ताविसाव्या वर्षी मेली. तिच्या रोजनिशीच्या वह्या एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या हाती आल्या. कागद जाळायचे काम त्याच्याकडे होते. त्याने त्या जाळल्या नाहीत. पस्तीस वर्षे जपून ठेवल्या आणि २००५ साली त्या तिच्या वृद्ध आईपर्यंत पोचवल्या. त्याच वर्षी त्या छापल्या गेल्या आणि सारा व्हिएतनाम त्या वाचू लागला. त्यांत शत्रूविषयीचा संताप आहे, हाताखाली दगावलेल्या पोरांचे दुःख आहे आणि हो, गुरुजी, त्यांत मोडलेले प्रेमही आहे. त्यामुळे तिच्या देशाने तिला कमी मानले नाही.

तेव्हा तरुणाला मी अर्धे मान्य केले. व्हिएतनामी माणसे या कादंबरीत कडेकडेनेच येतात, आणि हे त्या पुस्तकाचे उणेपण आहे. पण युद्धाचा हिशेब मागायचा तर तो आधी युद्ध पुकारणाऱ्यांकडे मागावा. आपण बहुधा उलटे करतो. पुकारणारे लांब असतात. पट्टी बांधणारी विमानतळावर सापडते.

राहिला काकूंचा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत जवळचा तोच. सेवा करून वर मान मागावा का? निष्काम कर्माचा आदर्श थोर आहे, यात मला शंका नाही. पण तो कुणी कुणाला सांगायचा? गीतेत तो कर्म करणाऱ्याला सांगितला आहे. ज्याच्यासाठी कर्म केले त्याला काही त्यातून ऋणमाफी दिलेली नाही. एखाद्या शेतमजूर बाईने ‘मला आजची मजुरी नको’ म्हटले तर तो तिचा मोठेपणा. शेतमालकाने ‘मजुरी कसली मागतेस, निष्काम हो’ म्हटले तर त्याला काय म्हणावे? निष्कामता हे देणाऱ्याने घ्यायचे व्रत आहे. घेणाऱ्याने ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधले की त्याला लबाडी हेच नाव उरते.

आणि ही लबाडी फार दूरची नाही. २०२० सालच्या साथीत आपण या माणसांना ‘कोरोना योद्धा’ म्हटले. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी हवाई दलाने इस्पितळांवर फुले उधळली. त्याच महिन्यांत देशात ठिकठिकाणी परिचारिकांना आणि डॉक्टरांना घरमालक खोल्या रिकाम्या करायला सांगत होते. काही ठिकाणी त्यांच्यावर हात टाकले गेले. इतके की, आरोग्यसेवकांच्या रक्षणासाठी सरकारला २२ एप्रिलला वटहुकूम काढावा लागला. आमच्या सिस्टर त्या दिवसांत घराच्या पडवीत निजत. शेजारच्या घरी दूध येई, पण दूधवाला त्यांच्या दारावरून पुढे जाई. शेजाऱ्यांनी थाळी मात्र वाजवली होती. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पावसापाण्याचे सांगावे तसे सांगितले.

थाळी वाजवणाऱ्यांना मी ढोंगी म्हणत नाही. ती खऱ्या भावनेनेच वाजली. पण देव आणि माणूस यांच्या जेवणात एक मोठा फरक आहे आणि तो आपल्या घरांत प्रत्येकाला माहीत आहे. देवीला आपण नैवेद्य दाखवतो. भोवती पाणी फिरवतो, डोळे मिटतो, हात जोडतो आणि मग तो नैवेद्य आपणच खातो. देवीची पंगत फार स्वस्त! माणसाला ताट वाढावे लागते. आणि वाढलेले ताट परत येत नाही. परिचारिकेला देवी म्हणण्यात जी गोडी आहे तिचे एक कारण हे असावे, असा मला संशय आहे. पुरेशी माणसे, वेळेवर पगार, पाळी संपल्यावर घरी सोडणारे वाहन, भीतीने झोप उडाली तर विचारपूस करणारे कुणी, हे सारे ताटातले पदार्थ आहेत. देवीला यांतले काही लागत नाही.

फ्रँकीला परत आल्यावर नेमके हेच हवे होते. तिने पुतळा मागितला नव्हता. ‘तू तिथे होतीस’ एवढे कुणी म्हणावे, अशी तिची मागणी होती. कादंबरीचा उत्तरार्ध लांबला आहे, हे काकूंचे म्हणणे मी मानते; पण तिचे गाऱ्हाणे लांबले ते ऐकणारा मिळाला नाही म्हणून. पहिल्याच दाराने ऐकले असते तर पुस्तक शंभर पानांनी आटोपले असते!

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात चिवड्याची फोडणी बसलेली असेल, मुलांनी किल्ला लिंपलेला असेल. लक्ष्मीपूजनाची रात्र इस्पितळात फार धावपळीची असते. भुईनळ्याने भाजलेली पोरे येतात, रॉकेटने डोळ्याला लागलेले येतात; आणि नेहमीचे ताप, बाळंतपणे नि सर्पदंश सण पाहून थांबत नाहीत. त्या रात्री आपल्या तालुक्याच्या गावी कुणीतरी एक सिस्टर घरातली पणती मुलीच्या हाती देऊन कामावर जाईल. सुदैवाने आपल्याला तिथे जावे लागू नये. पण जावे लागलेच, तर तिचे आभार मानण्यापूर्वी तिला एक साधा प्रश्न विचारावा: “सिस्टर, जेवलात का?” आणि ‘नाही’ असे उत्तर आले तर डबा उघडावा.